डावीकडचे पूज्य

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता एक एक्सेलची फाइल असते. नाव 'महत्त्वाचे' असो, 'घर' असो की नुसतेच 'नंबर'. आतला मजकूर सगळीकडे सारखाच. भारतातली बँक खाती, आई-वडिलांची मेडिक्लेम पॉलिसी, पीपीएफ, डीमॅट, इथले घरातल्या प्रत्येकाचे बीएसएन, आरोग्यविम्याचा क्रमांक, हाउसआर्ट्सचा फोन. ही फाइल घरातल्या एकाच माणसाने तयार केलेली असते आणि ती उघडण्याची वेळ बहुधा दुसऱ्यावर येते, तीही घाईच्या प्रसंगी. म्हणूनच आरोग्य आणि अर्थ या सदरात आज एका शून्याविषयी लिहीत आहे: आकड्याच्या डावीकडे बसणाऱ्या शून्याविषयी.

लहानपणी उजळणी म्हणताना आपण "एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस" असे म्हणत असू. उजवीकडचे पूज्य आकड्याची किंमत दसपट करते. डावीकडच्या पूज्याला गणितात काहीच किंमत नाही. ००७ लिहा नाही तर ७ लिहा, एकूण एकच. गणितापुरता हा नियम अगदी बरोबर आहे. पण आपल्या फाइलमधले निम्मे आकडे गणिताचे नाहीतच. बीएसएनमध्ये कोणी दोन मिळवत नाही आणि नवरा-बायकोच्या फोन नंबरांची कोणी सरासरी काढत नाही. ती अंकांत लिहिलेली नावे आहेत. नावातले पहिले अक्षर गाळले की अरविंदचा रविंद होतो, आणि मग पोस्टमन बिचारा रविंदचे घर शोधत बसतो.

स्प्रेडशीटला हा फरक कळत नाही, यात तिच्या जन्मकथेचा भाग आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांची व्हिसिकॅल्क १९७९ साली आली, लोटस १-२-३ ही १९८३ मध्ये आणि एक्सेल १९८५ मध्ये. या सगळ्यांचा मूळ हेतू बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, ताळेबंद हा होता. चौकटीत नुसते अंक आले की ती रक्कम आहे असे धरायचे, हा संस्कार तेव्हापासूनचा. रकमेपुढचे शून्य निरर्थक, म्हणून ते टाकून द्यायचे. चौकटीत काही अंकांच्या आधी ' असे एकेरी चिन्ह टाकले की तो मजकूर मानला जातो, ही युक्तीही लोटसच्या काळापासून चालत आलेली. म्हणजे अडचण तेव्हापासून माहीत होती आणि उपाय वापरणाऱ्याच्या गळ्यात बांधला गेला होता.

आपल्या रोजच्या व्यवहारात हे कुठे कुठे आडवे येते ते पाहू. पहिला बीएसएन. पूर्वीच्या सोफी नंबरची जागा या क्रमांकाने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये घेतली. तो नऊ अंकी आहे आणि पहिला अंक शून्य असू शकतो. ज्यांचा क्रमांक शून्याने सुरू होतो त्यांच्या घरच्या फाइलमध्ये तो आठ अंकी होऊन बसतो. यात एक गंमत आहे. बीएसएन खरा की खोटा हे तपासण्यासाठी 'एल्फप्रूफ' नावाची अकराची कसोटी वापरतात: पहिल्या अंकाला नऊने, दुसऱ्याला आठने असे गुणत जायचे, आठव्याला दोनाने गुणायचे, शेवटचा अंक वजा करायचा आणि येणाऱ्या संख्येला अकराने भाग गेला पाहिजे. आता पहिला अंक शून्य असेल तर शून्य गुणिले नऊ शून्यच. उजवीकडून मोजत आले तर शून्य असो वा नसो, बेरीज तीच येते. थोडक्यात, शून्य हरवले आहे हे ज्या कसोटीने कळायला हवे ती कसोटीच अशा वेळी गप्प बसते. संगणक 'ठीक' म्हणतो आणि नऊ चौकटींचा फॉर्म मात्र आठ अंकांना नको म्हणतो. फॉर्मवर अडले तर नशीब. निदान कळते तरी.

दुसरे उदाहरण आरोग्यखात्यातलेच. इथल्या प्रत्येक डॉक्टरला, दवाखान्याला, औषधविक्रेत्याला आठ अंकी एजीबी कोड असतो. पहिले दोन अंक व्यवसायाचा प्रकार सांगतात: ०१ म्हणजे हाउसआर्ट्स, ०२ औषधविक्रेते, ०३ तज्ज्ञ डॉक्टर, ०४ फिजिओथेरपिस्ट, ०६ रुग्णालये. बघा, ज्यांच्याकडे आपण जातो ते बहुतेक सगळे शून्याने सुरू होणारे! विमा कंपनीकडे एखादे बिल आपल्याला स्वतः पाठवावे लागते तेव्हा त्यावर हा कोड असतो. 'आयखन रिसिको' किती वापरला गेला याचा हिशोब अनेक जण तक्त्यात ठेवतात (ही मर्यादा २०१६ साली ३८५ युरो झाली आणि तेव्हापासून तो हिशोब ठेवण्याला अर्थही आला). कोणी त्यात डॉक्टरांचा कोडही लिहितो. आठाचे सात अंक होतात, ०१ चे नुसते १ राहते, पुढच्या अंकाशी मिळून त्याचे १२ किंवा १७ असे काहीतरी होते, आणि कोड पाहून हा डॉक्टर की औषधाचे दुकान हे सांगता येत नाही.

फोन नंबरांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. अॅमस्टरडॅमचा ०२० आणि मोबाइलचा ०६ यांतले शून्य देशांतर्गत फोनसाठी आहे. परदेशातून +३१ लावला की ते गळायलाच हवे. म्हणून फोन नंबर पहिल्यापासून +३१ लावून लिहिणे उत्तम. पण नुसते +३१ टाइप केले तर एक्सेल अधिकचे चिन्ह काढून टाकते, कारण त्याच्या मते 'अधिक पाच' म्हणजे पाचच. म्हणजे तिथेही रकाना आधी मजकुराचा करावा लागतो.

अॅमस्टरडॅमकरांसाठी आणखी एक खास. इथल्या वरच्या मजल्यावरच्या घरांचे क्रमांक १२-३ असे लिहिले जातात: बारा नंबरच्या इमारतीतला तिसरा मजला. एक्सेलमध्ये ते लिहा, बारा मार्च झालाच म्हणून समजा. शून्याचा आणि तारखेचा रोग एकच आहे: न विचारता अर्थ लावणे. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनावे मार्च १, सेप्ट २ अशा धर्तीची होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले!

हे सगळे आपल्या लक्षात का येत नाही? मला वाटते, आपले दोन्ही पत्ते सुरक्षित आहेत म्हणून. भारताचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो सहा अंकी आहे आणि शून्याने कधीच सुरू होत नाही. पुणे ४११, मुंबई ४००, नागपूर ४४०. इथला पोस्टकोडही तसाच. आपल्या बुइटनव्हेल्डर्टचे १०८१, १०८२ आणि १०८३, पुढे दोन अक्षरे. मंडळाची यादी वर्षानुवर्षे एक्सेलमध्ये ठेवली तरी पत्त्याला धक्का लागत नाही, त्यामुळे एक्सेलवर विश्वास बसतो. तोच विश्वास घेऊन आपण न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्या बहिणीचा पत्ता लिहितो आणि ०८८२० चा ८८२० होतो. लाइपझिगमधल्या मित्राचा ०४१०९ घ्या, बार्सिलोनाचा ०८००१ घ्या, तीच गत. दिवाळीअंकाचे पाकीट परत आले की आपण त्या देशाच्या टपालखात्याला दोष देतो.

पत्ता चुकला तर अंक परत येतो, फार तर टपालखर्च वाया जातो. पैशांची गोष्ट अशी नाही.

युरोपातला आयबॅन या बाबतीत शहाणा आहे. इथले आयबॅन अठरा वर्णांचे: एनएल, दोन तपासणी अंक, बँकेची चार अक्षरे आणि मग दहा अंकी खाते. पूर्वीचे खाते क्रमांक नऊ अंकी होते, पोस्टबँकेचे तर सातपर्यंतच. दहा भरण्यासाठी पुढे शून्ये घातली. म्हणून जुन्या गिरोवाल्यांच्या आयबॅनमध्ये आयएनजीबी या अक्षरांनंतर सलग तीन शून्ये दिसतात. पण समोर अक्षरे पहाऱ्याला उभी असल्यामुळे एक्सेल त्याला रक्कम समजत नाही. भारताचा आयएफएससी कोडही असाच, अकरा वर्णांचा: बँकेची चार अक्षरे, मग पाचवे नेहमी शून्य, मग शाखेचे सहा वर्ण. (त्या पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' लिहिणारे लोक वेगळे, त्यांचा विचार दुसऱ्या एखाद्या लेखात.) डीमॅटमध्ये तर दोन्ही नमुने शेजारी शेजारी पाहायला मिळतात. एनएसडीएलचा क्रमांक 'आयएन' या अक्षरांनी सुरू होतो, तो सुखरूप. सीडीएसएलचा पूर्ण सोळा अंकी. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते आणि पुढच्यांचे शून्य करते, त्यामुळे सीडीएसएलच्या क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. टॅक्स भरताना लागणारा इथला सोळा अंकी 'बेतालिंग्सकेनमेर्क'ही त्याच जाळ्यात सापडतो. तिथे डावीकडचे शून्य जाऊ शकते, नाही तर उजवीकडचा अंक.

भारतातल्या बँक खात्यांना मात्र अक्षरांचा पहारा नाही आणि एकसारखी लांबीही नाही. स्टेट बँकेचा खाते क्रमांक अकरा अंकी, पण पासबुकावर किंवा स्टेटमेंटवर तो बऱ्याचदा पुढे सहा शून्ये लावून सतरा अंकी छापलेला असतो. ती शून्ये केवळ जागा भरण्यासाठी आहेत. गेली तरी बिघडत नाही. आयसीआयसीआय बँकेचा क्रमांक बारा अंकी, पहिले चार अंक शाखेचे, आणि जुन्या शाखांचे ते चार अंक शून्यांनीच सुरू होतात. तिथली शून्ये क्रमांकाचा भाग आहेत. सहकारी बँकांचे तर प्रत्येकीचे शास्त्र वेगळे. आता फाइलमध्ये नऊ अंकी एक क्रमांक पडला आहे असे समजा. त्याच्या पुढे शून्ये होती का? किती होती? लावायची की नाही? नुसत्या आकड्याकडे पाहून याचे उत्तर ब्रह्मदेवालाही देता येणार नाही.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात हेच झाले. पुण्यात वडिलांना अचानक दवाखान्यात दाखल करावे लागले, अनामत रक्कम भरायची होती. भावाने फाइल पाठवली होती, तिच्यातून क्रमांक उचलून इथून पैसे पाठवले. क्रमांकातली पहिली दोन शून्ये फाइलमध्ये नव्हती. पैसे कुठल्याच खात्यात गेले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरे; आठवड्याने परत आले, मधल्या बँकांचे शुल्क वजा होऊन. तोवर शेजाऱ्यांनी पैसे भरले होते. शेजारी चांगले होते, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही.

कोणी म्हणेल, खात्याचे नाव आणि क्रमांक जुळतो का हे बँक पाहत नाही का? आता पाहू लागली आहे. युरोपात ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरोतल्या व्यवहारांसाठी ही तपासणी बँकांवर बंधनकारक झाली. नेदरलँड्समध्ये ती २०१७ पासूनच सुरू झाली होती. भारतात रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत नाव पाहण्याची सोय द्यायला बँकांना सांगितले. त्याआधी पैसे जमा होताना केवळ क्रमांकच पाहिला जात असे. पण या दोन्ही सोयी आपापल्या हद्दीत चालतात. अॅमस्टरडॅमहून पुण्याला जाणाऱ्या पैशांना युरोपातली तपासणी लागू नाही. नेमका आपलाच रस्ता अजून अंधाराचा आहे.

मुद्दा असा निघतो. ज्या क्रमांकाची लांबी ठरलेली आहे त्याचे गेलेले शून्य परत आणता येते. बीएसएन नऊचा, एजीबी आठचा, एडिसनचा झिप कोड पाचाचा. कमी पडेल तेवढी शून्ये डावीकडे लावली की झाले. ज्याची लांबी ठरलेली नाही त्याचे शून्य एकदा गेले की कायमचे गेले, मूळ कागद शोधण्यावाचून इलाज नाही. "गरज पडली की लावू शून्ये" असे म्हणणारे मित्र हा फरक विसरतात. त्यांच्या फाइलमध्ये दोन्ही प्रकारचे क्रमांक असतात आणि ते एकाच सूत्राने सर्वांना शून्ये चिकटवतात. मग ज्यांना नको त्यांनाही मिळतात, आणि फाइल पहिल्यापेक्षा जास्त फसवी होते, कारण आता ती नीटनेटकी दिसते.

आता शून्य नेमके कुठे गळते ते सांगतो. गळण्याच्या जागा तीन आहेत आणि लोक पहिलीच बंद करून निश्चिंत होतात.

पहिली जागा टाइप करतानाची. रकाना आधी 'मजकूर' प्रकारचा करायचा (डच एक्सेलमध्ये 'टेक्स्ट' असेच लिहिलेले असते) आणि मग अंक भरायचे. क्रम महत्त्वाचा. आधी भरून नंतर प्रकार बदलला तर गेलेले शून्य परत येत नाही. काही जण रकान्याला नऊ शून्यांचा साचा लावतात, मग आठ अंकी बीएसएनही नऊ अंकी दिसतो. दिसतो एवढेच, चौकटीत आठच अंक असतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या बांगडीसारखे हे आहे, लग्नात मिरवायला ठीक, गहाण ठेवायला गेलो की कळते.

दुसरी जागा सीएसव्ही फाइल उघडताना. कोणताही डेटाबेस, बँक, हिशोबाचे सॉफ्टवेअर यादी देताना-घेताना सीएसव्ही हा साधा मजकुराचा प्रकार वापरते. त्या फाइलमध्ये शून्य अगदी व्यवस्थित असते. आपण तिच्यावर दोनदा टिचकी मारतो, एक्सेल ती उघडते, शून्ये काढून टाकते, आणि आपण 'सेव्ह' करतो. झाले. अंकांभोवती अवतरणचिन्हे असली तरी एक्सेल त्यांना जुमानत नाही. शिवाय अकरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक ते १.२३ई+११ अशा शास्त्रीय थाटात दाखवते आणि सीएसव्हीमध्ये जसे दिसते तसेच लिहिते. मग पहिले काही अंक सोडून खाते क्रमांकच संपला. म्हणून सीएसव्ही टिचकी मारून उघडू नये. कोरी फाइल उघडून 'गेखेव्हन्स' या टॅबमधून ती आत आणावी आणि आणताना प्रत्येक क्रमांकाचा रकाना मजकुराचा आहे असे सांगावे, किंवा प्रकार ओळखूच नकोस असे सांगावे. लिब्रेऑफिस हा प्रश्न उघडतानाच विचारते, गूगलच्या तक्त्यात आयात करताना 'मजकुराचे अंक करा' ही खूण काढता येते. नुसती फाइल पाहायची असेल तर नोटपॅड पुरे.

तिसरी जागा सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते: डेटाबेसमध्ये शिरताना. डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो. तो 'पूर्णांक' ठेवला असेल तर तुम्ही कितीही जपून आणलेले शून्य दारातच काढून घेतले जाते. आणि एक्सेलची फाइल थेट अॅक्सेससारख्या डेटाबेसमध्ये ओढली तर तो जोडणारा दुवा वरच्या साधारण आठ ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवतो. वरच्या आठ ओळींत नुसते अंक असले आणि नवव्या ओळीत अक्षर असलेला क्रमांक आला, तर ती चौकट रिकामीच जाते. चूक झाल्याचा साधा इशाराही नाही. मुलामा दिलेला साचाही इथे उघडा पडतो, कारण डेटाबेस दिसणे पाहत नाही, चौकटीत खरोखर काय आहे ते पाहतो. म्हणून डेटाबेसमधला रकाना आधी मजकुराचा करून ठेवायचा, फाइल मागाहून.

मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सेलच्या पर्यायांत एक खूण दिली: पुढची शून्ये काढू नकोस. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, कोणीतरी ऐकले. पण ती खूण आपण शोधून काढावी लागते. न सांगता एक्सेल जुन्याच वळणाने वागते. माझे स्पष्ट मत आहे की हे उलटे हवे होते. न विचारता बदलू नये, विचारले तर बदलावे. शिवाय ही खूण तुमच्या संगणकापुरती. तुमची फाइल ज्याने पाठवली त्याच्याकडे ती आहे की नाही, देव जाणे.

मंडळाच्या कामासंबंधी यातून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वर्गणी आपोआप वळती करण्यासाठी सभासदाने जी संमती दिलेली असते तिला एक संदर्भ क्रमांक असतो, पुष्कळदा सभासद क्रमांकच. ००४२ लिहून सही घेतली आणि बँकेच्या फाइलमध्ये ४२ गेले, तर कागदावरची संमती आणि बँकेतली संमती एक राहत नाही; तिथे शून्य हा वर्ण मोजला जातो. सभासद आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता पैसे परत मागू शकतो, आणि संमतीच नव्हती असे म्हणणे असेल तर तेरा महिन्यांपर्यंत. खजिनदाराला कागद दाखवता आला पाहिजे आणि त्यावरचा क्रमांक तोच असला पाहिजे. वर्गणी थोडी असते, पण खजिनदाराची झोप मोलाची.

नवे सभासद क्रमांक द्यायचेच असतील तर १००१ पासून द्यावेत, किंवा पुढे एखादे अक्षर लावावे. ०००१ चा मोह टाळावा. आपल्याला शून्य जपायचे आहे हे खरे, पण जिथे क्रमांक ठरवणे आपल्या हातात आहे तिथे मुद्दाम संकट कशाला ओढवून घ्यायचे? पिन कोड ठरवणाऱ्यांनी पहिला अंक शून्य ठेवला नाही, त्याचा फायदा आपण पन्नास वर्षे घेत आहोत.

आणि बीएसएन मंडळाच्या यादीत नसावाच. इथल्या कायद्याप्रमाणे ज्यांना कायद्यानेच तो वापरायला सांगितला आहे त्यांनीच तो ठेवायचा असतो. सांस्कृतिक मंडळ त्यात बसत नाही. एखाद्या सहलीच्या फॉर्मवर "बीएसएन किंवा पासपोर्ट" अशी ओळ दिसली तर ती भरू नका आणि कार्यकारिणीला खुशाल कळवा.

राहिली घरची जुनी फाइल. एका रविवारी दोघांनी मिळून ती उघडावी, एकाने क्रमांक वाचावेत आणि दुसऱ्याने मूळ कागद हातात धरावा. बीएसएन पासपोर्टवर, ओळखपत्रावर किंवा डिजीडीने उघडणाऱ्या सरकारी पानावर मिळेल, एजीबी बिलावर. तिथे अंक मोजून कमी पडलेली शून्ये लावायला हरकत नाही, कारण लांबी माहीत आहे. एक्सेलमधले 'टेक्स्ट' हे सूत्र त्यासाठी आहे. डच एक्सेलमध्ये त्याचे नाव शेवटी 'एक्स-टी' ऐवजी 'के-एस-टी' अशा डच वळणाने लिहितात, नाही तर चूक दाखवते. भारतातल्या खात्यांबाबत मात्र सूत्राला हात लावू नये. आई-वडिलांना, भावाला पासबुकाचे पहिले पान आणि एका कोऱ्या चेकचा फोटो पाठवायला सांगावा. चेकवर खाते क्रमांक छापलेला असतो, आयएफएससी असतो, आणि शून्ये जिथल्या तिथे असतात. तो फोटो फाइलच्याच जागी ठेवावा आणि मजकुराच्या रकान्यात क्रमांक पुन्हा टाइप करावा. आई फोनवरून क्रमांक सांगणार असेल तर तिला एवढेच सांगा की पहिल्यापासून वाच, पूज्ये सोडू नकोस. "त्यांना काय किंमत" असे ती म्हणेल, कारण तिलाही शाळेत तसेच शिकवलेले आहे.